सूचना : ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टर सभासदांसाठी

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागातल्या सर्व ट्रॅक्टरमालकांनी ही सूचना चालकालाही वाचून दाखवावी.

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हूकच्या पिनेला खालून क्लिप हवीच. तारेचा तुकडा किंवा खिळा चालणार नाही; खड्ड्यात पिन उसळते, तार तुटते आणि भरलेली ट्रॉली सुटते. पिन झिजून मधे बारीक झाली असेल तर आजच बदला. ट्रॉलीच्या पुढच्या, हूकला जोडायच्या दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे पिन गेली तरी दांडी रस्त्यावर आपटणार नाही.

दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या मागे जास्त भरू नका. दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि ब्रेक तर त्याच चाकांना असतात!

तवंदी घाट उतरताना दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडलेले असावेत, नाहीतर एकच चाक धरून ट्रॅक्टर आडवा होतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या चालकाला कृपया ट्रॅक्टर देऊ नका.

उसाच्या वाड्यांनी, म्हणजे शेंड्याच्या पानांनी, मागचे दिवे झाकले जातात. लाल रिफ्लेक्टर मोळ्यांच्या बाहेर, सर्वांत मागे बांधा. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाका.