फुलांच्या घाटीतल्या अनोळखी हातांना

उत्तराखंडमधल्या घांघरिया गावाहून व्हॅली ऑफ फ्लॉवर्स या राष्ट्रीय उद्यानात सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या जोडप्याला वाटतं, आपण आपल्या पायांनी जाऊन आलो. अर्धंच खरं. म्हणून आम्हां दोघांकडून हे आभार.

आधी पायवाट बांधणाऱ्यांचे. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की उभा चढ लागतो. तिथला मोठा दगड पाय ठेवल्यावर डुगडुगत नाही, कारण त्याच्या पोटाखाली बारीक चिपा ठोकून बसवलेल्या असतात. दर थोड्या अंतरावर वाटेला आडवी चर असते. ती गाळाने बुजली, की पावसाचं पाणी वाटेवरूनच धावतं, माती नेतं आणि दगड उघडे पडतात. ही चर उपसणारं कुणी दिसत नाही. ती मोकळी असते एवढं दिसतं.

उद्यानाच्या चौकीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही लिहिणाऱ्यांचेही. उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे संध्याकाळी वहीतलं एकही नाव परतल्याच्या नोंदीशिवाय राहून चालत नाही.

खेचरं घाटीत येत नाहीत. कंडीवाल्यांनो, थकलेल्यांना पाठीवरच्या कंडीत, म्हणजे टोपलीत, बसवून तुम्ही नेता, शिवाय चालणाऱ्यांना सल्लाही देता: दोघांतल्या हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, दुपारी बर्फ वितळून ओढे फुगण्याआधी मागे वळा, डोकं दुखलं तर आणखी वर जाऊ नका.

आणि ओल्या उतारावर न विचारता काठी देणाऱ्या दादा, ती चौकीच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे.