बायोसची आवृत्ती बिलावर लिहा

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला. बटण दाबताच पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला आणि मदरबोर्डवरील ‘सीपीयू’ (म्हणजे प्रोसेसर) लिहिलेला बारीक लाल दिवा काही केल्या विझेना. प्रोसेसरची आठ पिनांची वीजजोडणी तपासली, रॅमची एकच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहिली, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, हेही पाहिले. दोन संध्याकाळी अशाच गेल्या.

दोष जोडणीत नव्हताच. आमचा बी४५० बोर्ड २०१८ साली बाजारात आलेल्या पिढीतला, तर आमचा प्रोसेसर रायझन ५००० मालिकेतला, ती २०२० च्या अखेरीस आलेली. त्यामुळे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) तेच असूनही जुने बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डातच साठवलेली आज्ञावली) असलेला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही. बायोस अद्ययावत करायचे, तर बोर्डाच्या ओळखीचा जुना प्रोसेसर हवा, किंवा प्रोसेसरविना पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय हवी, जी आमच्या बोर्डावर नव्हती. दोन्ही भाग एकाच बिलावर विकणाऱ्या दुकानदाराने ‘खोके उघडले, आता परत नाही’ असे म्हणून हात झटकले. अखेर एका दुरुस्तीवाल्याने स्वतःकडचा जुना प्रोसेसर बसवून अर्ध्या तासात काम केले (पैसे घ्यायलाही तो तयार होईना!).

अशी जोडी विकताना विक्रेत्यांनी बायोसची आवृत्ती बिलावर लिहावी किंवा बोर्ड दुकानातच चालू करून दाखवावा, एवढीच अपेक्षा आहे.

– एक वाचक, नाशिक