काठावरची जागा

प्रिय वसंता,

सहा महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची मनापासून लाज वाटते. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

काल मुक्ताच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. यादीत तिचे नाव अगदी शेवटी आहे. तिच्या खालच्या मुलीचा प्रवेश अवघ्या एका गुणाने हुकला. ती यादी वाचताना मला सारखा तूच आठवत होतास. तुझे दोन गुण कमी पडले, मी आत गेलो आणि तू जवळजवळ वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. पुढे शालान्त परीक्षेत गणितात तू मला मागे टाकलेस आणि गुणपत्रिका नाचवत माझ्या दारात आलास! मी ते नशिबावर ढकलले. ते माझे चुकलेच.

वेचून घेतलेल्या मुलांचा निकाल चांगला लागणारच. त्यात शाळेने किती भर घातली, हे खरे कळते ते तुझ्या-माझ्यासारख्या काठावरच्या मुलांकडे पाहून. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रवेश परीक्षेच्या शाळांबाबत अँग्रिस्ट, पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम आत गेलेल्या आणि जेमतेम बाहेर राहिलेल्या मुलांच्या पुढील गुणांत फारसा फरक आढळला नाही, आणि तोही आत गेलेल्यांना कितीतरी हुशार सोबती मिळालेले असताना. सगळीकडे असेच घडते असे मात्र नाही. त्रिनिदादमध्ये चांगल्या शाळेचा लाभ दिसला आणि रुमानियातही गुण थोडे वाढले. पण तिथे आत गेलेल्या मुलांना आपण वर्गात कमी पडतो असे वाटू लागले आणि त्यांच्या पालकांनी गृहपाठाकडे लक्ष देणे कमी केले. हे वाचून मी चपापलो, कारण काल रात्री मुक्ताची वही मिटताना मीच म्हणालो होतो, "आता शाळा बघून घेईल."

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. त्या शाळेत पहिल्या चाचणीनंतर गुरुजींनी क्रमांक मोठ्याने वाचले. चाळीस मुलांत माझा अडतिसावा होता. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात एकही शंका विचारली नाही. वहीच्या समासात प्रश्नचिन्हे काढत राहिलो. मुक्ता तर दर पाच मिनिटांनी "पण का?" असे विचारते, आणि तिचे ते विचारणे थांबेल, याचीच मला सर्वांत अधिक भीती वाटते. सुनंदाला वाटते की मी माझे जुने दुखणे मुलीवर लादतो आहे. तिचे म्हणणे मला सहज झटकून टाकता येत नाही.

तुझ्या बढतीचे कळले, फार आनंद झाला. घराचे काम संपले का?

प्रवेश निश्चित करण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. त्याआधी मला सविस्तर लिही: तुझ्या त्या साध्या शाळेत तू पहिल्या बाकावर बसत होतास, तेव्हा न समजलेले गणित तू कोणाला आणि कसे विचारत होतास?

तुझा,
श्रीधर