५ जूनला झाडे लावायला सांगू नका, मोजायला सांगा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका वरिष्ठ महाविद्यालयात मी शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहतो. उन्हाळी सुट्टी संपत आली की दरवर्षी परिपत्रक येते. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन साजरा करावा, वृक्षारोपण करावे, जिओटॅग, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेल्या, छायाचित्रांसह अहवाल सादर करावा. या पत्रात माझी मुख्य मागणी एकच आहे. ५ जून हा महाविद्यालयांसाठी झाडे लावण्याचा दिवस न ठेवता जगलेली झाडे मोजण्याचा दिवस करावा. बाकी जे लिहितो आहे ते या मागणीच्या अनुषंगानेच.

आमच्या जिल्ह्याचे एक टोक महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याचे दुसरे टोक म्हणजे आमचा माणदेश. आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. दोन्हीकडे परिपत्रक मात्र एकच, तारीखही एकच. ५ जूनला आमच्याकडे फार तर वळवाचे एखाद-दुसरे पाऊस झालेले असतात. जमीन वीतभर खालीही कोरडीच असते. जून-जुलैत इथे पावसापेक्षा वारा जास्त असतो. पश्चिमेकडून दिवसभर घोंघावणारा तो वारा कोवळ्या रोपाची पाने फाडतो आणि आळ्यातली ओल उडवून नेतो. खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरातला. शेतकरी त्या हिशेबाने पेरतो. महाविद्यालयाने वेगळा हिशेब का धरावा?

शिवाय ५ जूनला विद्यार्थी महाविद्यालयात नसतात. परीक्षा संपवून ते गावी गेलेले असतात. काही जण पुण्या-मुंबईला कामाला गेलेले असतात, काही जण मेंढरांमागे. वृक्षारोपणाला येतो तो आम्ही शिक्षक, कार्यालयातले कर्मचारी, जवळपास राहणारी पाच-दहा मुले आणि प्रमुख पाहुणे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांतली रोपे आलेली असतात. खड्डे आदल्या दिवशी घाईने काढलेले असतात. मुरमात टिकाव चालत नाही म्हणून ते हातभरही खोल होत नाहीत. पिशवी ब्लेडने कापून मातीचा गड्डा न फुटता रोप खाली बसवायला दोन मिनिटे लागतात, पण पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो. पिशवी ओढून काढली जाते, गड्डा फुटतो, मुळे उघडी पडतात. त्या रिकाम्या पिशव्या वाऱ्याने उडत जाऊन बाभळींना अडकतात आणि पुढे कित्येक महिने तिथेच फडफडत राहतात.

हे लिहिताना कुणाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला झाड जगावे असे मनापासून वाटते. पण झाड जगवणारी कामे एप्रिल-मेमध्ये असतात आणि नेमक्या त्याच काळात महाविद्यालयाचे दार बंद असते. दोन बाय दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यातच काढून ठेवायचा, म्हणजे तो उन्हात तापतो. मग तळाला पालापाचोळा, वर शेणखत आणि पोयट्याची माती. रोप छातीएवढे उंच घ्यायचे, जमीन चांगली भिजल्यावर लावायचे, शेळ्या लागू नयेत म्हणून भोवती बाभळीचे शिरे रोवायचे. यातले काहीच कठीण नाही. कठीण आहे ते पुढे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, आठवड्याला निदान एक हंडा पाणी घालणे, आणि तेही सलग दोन-तीन उन्हाळे. तेवढे निभावले की कडुनिंब, करंज, हिवर आपल्या पायावर उभे राहतात.

आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहामागे करंज आणि कडुनिंबाची एक रांग आहे. न्हाणीचे आणि कपडे धुण्याच्या दगडाचे पाणी पूर्वी तसेच रस्त्यावर वाहून चिखल व्हायचा. आमच्या माळीमामांनी कुदळीने एक चर काढला, मध्ये वाळू आणि विटांच्या तुकड्यांचा खड्डा करून पाणी थोडे निवळून घेतले आणि चराच्या कडेने रोपे लावली. सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले की हे पाणी आटते. तेव्हा मामा सकाळी येऊन टाकीचा कॉक थोडा वेळ सोडून ठेवतात. आता त्या झाडांच्या सावलीत मुली अभ्यासाला बसतात. या कामाचा कधी कार्यक्रम झाला नाही. अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाही नाही, कारण त्याला ना दिनांक आहे ना प्रमुख पाहुणे.

म्हणून रकाना बदला, अशी विनंती आहे. महाविद्यालयाचे मूल्यांकन करताना नॅक ही राष्ट्रीय परिषद पर्यावरणाविषयीच्या उपक्रमांची माहिती मागते, हरित लेखापरीक्षण म्हणजे परिसराची पर्यावरणाच्या दृष्टीने केलेली तपासणी पाहते. त्यासाठी प्रत्येक महाविद्यालय छायाचित्रांची फाइल तयार ठेवते. त्या फाइलीत लावणीच्या दिवसाच्या छायाचित्राऐवजी त्याच झाडाचे तिसऱ्या वर्षीच्या ५ जूनचे छायाचित्र मागा. जिओटॅगचा खरा उपयोग तिथेच आहे. अक्षांश-रेखांश तेच आहेत, झाड आहे की नाही एवढेच बघायचे. राज्याने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले, तेव्हा महाविद्यालयांनीही खड्डे खणले होते. त्या वेळी लावलेल्या आणि आज उभ्या असलेल्या झाडांची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने स्वतः करावी, एवढा आदेश आपण काढला तरी पुष्कळ शिकायला मिळेल. कुठे कोणते झाड टिकले, कुठे नाही, का नाही. आकडा कमी आला म्हणून कुणाला कारणे दाखवा नोटीस मात्र देऊ नये. नाहीतर पुन्हा आकडे फुगतील.

पाणी कोण घालणार, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे अशी तिची अट आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाज सहभागाच्या कामाला क्रेडिट म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांकही दिले आहेत. मग हे तास उन्हाळ्यात भरू द्या. ज्यांची गावे जवळ आहेत त्या मुलांना मार्च ते जून पाळ्या लावून देता येतील. त्याचे तास आणि क्रेडिट विद्यापीठाने मान्य करावेत. गरजू मुलांना त्याचा मोबदलाही मिळावा. सातारा ही कर्मवीर भाऊराव पाटलांची कर्मभूमी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातली मुले स्वतः राबून शिकली, आणि आज राज्यभर चालणारी ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच विचारातून आली आहे. संस्थेचे बोधचिन्हच वटवृक्ष आहे. ‘कमवा आणि शिका’ योजना उन्हाळी सुट्टीतही सुरू ठेवायला स्वतंत्र तरतूद करावी. सुट्टीत मजुरीसाठी परगावी जाणाऱ्या आमच्या कितीतरी मुलांना गावातच काम मिळेल.

उन्हाळ्यात मुले येणार नाहीत, असे कुणी आपल्याला सांगेल. आमच्या तालुक्याने उलट अनुभव घेतला आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत २०१८ साली माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा राज्यात पहिला क्रमांक आला. ती स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी, ऐन उन्हात असायची. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून लोक मुद्दाम गावोगावी आले, त्यांत महाविद्यालयीन मुले-मुली भरपूर होती. पहाटे आणि संध्याकाळी चर खणायचे, बांध घालायचे, दुपारी सावलीला थांबायचे. कामाची वेळ पाण्याच्या गरजेप्रमाणे ठरवली म्हणून तिथे लोक आले.

तारखांचा हाच घोळ राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या हिवाळी शिबिरात होतो. दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर बहुधा सत्र परीक्षेनंतर, डिसेंबर-जानेवारीत भरते. शिबिराच्या कामांत वनराई बंधारा असतोच. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची, ओढ्याच्या पात्रात पोत्यांचे थर रचायचे आणि वाहते पाणी अडवायचे. त्यासाठी ओढा वाहता हवा. माणदेशातले ओढे परतीच्या पावसानंतर थोडेच दिवस वाहतात. डिसेंबरात पात्रात नुसता वाळू-गोटा असतो. मुले घाम गाळून बंधारा घालतात आणि त्यामागे पाणीच साठत नाही. गावकरी मुलांचे कौतुक करतात, पण दोन महिने आधी आला असता तर विहिरींना पाझर लागला असता, हेही हळूच सांगतात. सात दिवस सलग हवेत ही अट शिथिल करा. तीन दिवस ऑक्टोबरात बंधाऱ्यासाठी, चार दिवस एप्रिलमध्ये खड्ड्यांसाठी, असे शिबिर विभागू द्या. कोकणातल्या महाविद्यालयाला आणखी वेगळी वाटणी सोयीची पडेल. ती त्यांची त्यांना ठरवू द्या.

झाडांबाबत आणखी एक गोष्ट मला फार आग्रहाने सांगायची आहे. महाविद्यालयांना लक्ष्य दिले जाते आणि जागा नसते, तेव्हा सगळ्यांचे लक्ष गावाच्या गायरानाकडे, माळाकडे जाते. सरकारी कागदावर तो माळ पडीक असतो. प्रत्यक्षात तिथे मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते असतात, त्यावर धनगरांची मेंढरे जगतात. चिंकारा, ससा, लांडगा यांचे घर तेच. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयुरेश्वर अभयारण्य अशाच माळावर, चिंकाऱ्यासाठी राखले आहे. अशा जागी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावले तर गवत दबते आणि मेंढपाळाची चराई जाते. झाड जगले तरी नुकसान आणि मेले तरी खड्ड्यांनी गवत उकरलेले. गायरानात कुदळ मारण्यापूर्वी ग्रामसभेला आणि तिथे चारणाऱ्या मेंढपाळांना विचारणे सक्तीचे करा. वर्गात माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी मेंढरे आहेत. कोणत्या माळावर काय लावू नये हे ती मुले मला सांगतात.

पर्यावरण या विषयाच्या प्रकल्पाबद्दलही थोडे लिहितो. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, म्हणून हा विषय पुढे पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य झाला. त्यात क्षेत्रभेट आणि प्रकल्प आहे. पण शेकडो मुलांना मार्गदर्शन करायला एखाद-दुसराच शिक्षक, आणि तोही बहुधा तासिका तत्त्वावरचा. त्यामुळे मुले झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणून नाव बदलतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्या गावातली एक विहीर घ्यावी. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी आणि ती वहीत लिहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. त्याच महिन्यांत मुलांनी मोजले तर तुलनाही करता येईल. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, हे आम्ही वर्गात सांगतो. आमच्या मुलांच्या वह्या जमत गेल्या तर माणमधल्या ग्रामसभांनाही असा ताळेबंद मांडताना हाताशी आकडे असतील. या प्रकल्पाला खर्च दोरीचा आणि वहीचा. पण मार्गदर्शनासाठी पूर्णवेळ शिक्षक हवा, आणि ती रिक्त पदे भरणे आपल्याच खात्याच्या हातात आहे. माळ्याच्या आणि शिपायाच्या पदांचेही तसेच. वसतिगृहामागची ती रांग ज्यांनी जगवली ते मामा लवकरच निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी कुणी येईल याची आज तरी शाश्वती नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, नवी योजनाही नको. ५ जूनच्या परिपत्रकाचा मजकूर बदलावा, लागवडीची तारीख प्रत्येक जिल्ह्याच्या पावसानुसार ठरवू द्यावी, शिबिराची अट सैल करावी आणि उन्हाळ्यातल्या कामाला तास, क्रेडिट आणि मोबदला द्यावा. हे आदेश मार्च संपण्यापूर्वी निघाले, तर एप्रिलमध्ये खड्डे काढता येतील आणि मुले सुट्टीवर जाण्याआधी पाण्याच्या पाळ्याही लावता येतील.

आपला विश्वासू,
राष्ट्रीय सेवा योजनेचा एक कार्यक्रम अधिकारी
ता. माण, जि. सातारा