ग्राफिक कार्डाचे वॅट पण छापा की राव

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत काम आणि गेमिंग दोन्हीसाठी लॅपटॉप कसा निवडावा यावर अर्धं पान आलं होतं, खाली दुकानांच्या जाहिराती पण होत्या. लेख बरा होता, पण एक गोष्ट पूर्ण सुटली आणि नेमकी त्याच गोष्टीत मी फसलोय म्हणून लिहायलोय.

मी परभणीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दोन वर्षांखाली लॅपटॉप घेतला, दिवसा प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम आणि रात्री पोरं झोपली की तास-दीड तास गेम, एवढंच डोक्यात होतं. दुकानदार म्हणला, "भाऊ, आरटीएक्स ४०६० आहे, डोळे झाकून घ्या." म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक कार्ड, गेम आणि व्हिडिओ पळवणारी चिप. घेतला डोळे झाकून. पातळ, देखणा, बॅगेत वहीसारखा बसणारा. मग लग्नसराईत नांदेडचा मित्र मदतीला आला, त्याच्याकडं त्याच कंपनीचं एक पायरी खालचं ४०५० होतं, माझ्यापेक्षा स्वस्त, जाडजूड, वीट उचलल्यासारखा लॅपटॉप. शेजारीशेजारी ठेवून एकच गेम एकाच सेटिंगवर लावला तर त्याचा माझ्या बरोबरीनं पळायला, मधूनमधून पुढंच. मला वाटलं माझं कार्ड खराब निघालं, दुकानात भांडायला गेलो. खराब काहीच नव्हतं.

भानगड वॅटची आहे, म्हणजे कार्डाला किती वीज ओढू देतात त्याची. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवर पण चालवता येतं, ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ बॉडीत गरमी बाहेर काढायला जागा नसते म्हणून तो वॅट कमी ठेवतो. नाव तेच, स्टिकर तेच, पैसे पण जवळपास तेच, आणि ताकद मात्र वेगळी. माझं ६० वर बांधलेलं निघालं, मित्राचं ९५ वर. २०२१ पासून एनव्हिडियानं लॅपटॉपवाल्यांना हे वॅट सांगायला लावलंय, कंपनीच्या साईटवर बारीक अक्षरात सापडतं पण. दुकानातल्या पाटीवर मी तरी अजून बघितलं नाही. मशीन चालू करून दाखवा म्हणलं तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडायचं, तिथं जास्तीत जास्त वॅट लिहिलेले असतात, दोन मिनिटांचं काम आहे, पण हे मला पैसे मोजल्यावर कळालं.

त्यात आपलं ऊन. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ना, मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, तिथं कार्ड ८७ डिग्रीच्या आसपास गेलं की स्वतःच स्पीड कमी करतं. एसी असलेल्या ऑफिसात टेस्ट केलेले आकडे आमच्याकडं लागू होत नाहीत. म्हणून माझ्या मते मराठवाड्यात जाड लॅपटॉपच घ्यावा, दिसायला बैल वाटला तरी चालंल. आणि लाईट गेली की बॅटरीवर कार्ड एकदम लंगडतं, इन्व्हर्टरवर लावलं तर दोनशे-सव्वादोनशे वॅटचा चार्जर बॅटरी भसाभसा उतरवतो आणि आई ओरडती फॅन बंद पडला म्हणून.

दुसरं म्हणजे जाहिरातीतलं "८ जीबी ग्राफिक". ती मेमरी कार्डाची स्वतःची आहे का लॅपटॉपच्या रॅममधून उसनी घेतलेली, हे विचारायचं. ४०५० ला स्वतःची ६ जीबी, ४०६० ला ८, आणि गंमत म्हणजे लॅपटॉपच्या ४०७० ला पण ८ च, डेस्कटॉपच्या ४०७० ला मात्र १२. नाव एक, आत चिपच वेगळी. लॅपटॉपचं कार्ड बोर्डालाच चिकटवलेलं असतं, रॅम नंतर वाढवता येती (ती पण सगळ्यात नाही), कार्ड नाही. एकदा चुकलं की चुकलं.

आणि सगळ्या कामाला मोठं कार्ड लागतंच असं पण नाही. आमच्या गल्लीतल्या एका सिव्हिलवाल्या पोरानं नुसत्या टूडी ऑटोकॅडसाठी महागातलं कार्ड घेतलं, त्या कामाला प्रोसेसर लागतो, कार्ड नुसतं बसून. तोच थ्रीडी करून लुमियन सॉफ्टवेअरमध्ये वॉकथ्रू (इमारतीतून फिरल्यासारखा व्हिडिओ) काढणार असला तर गोष्ट वेगळी, तिथं कार्डच राबतं. माझंच बघा, कॅमेऱ्यातल्या एच २६५ च्या १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या) क्लिप टाइमलाइनवर अडकायच्या, कारण ४० सिरीजच्या (४०५०, ४०६० वगैरे) कार्डात ते डिकोडिंगच, म्हणजे तसल्या क्लिप उलगडायची सोयच नाही, पुढच्या ५० सिरीजमध्ये आली. इंटेल प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकमध्ये मात्र ११ व्या जनरेशनपासून आहे. माझ्या मशीनमध्ये इंटेल नाही, म्हणून आधी प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या कॉपी) बनवा मग एडिट करा, एका लग्नामागं अर्धा दिवस जातो. हे त्या दुकानदाराला काय कळणार, पण लेख लिहिणाऱ्यानं तरी कॅमेरा कोणता ते आधी विचारा असं लिहायला पाहिजे होतं.

तर साहेब, विनंती एवढीच, लॅपटॉपची जाहिरात घेताना किमतीशेजारी कार्डाचे वॅट आणि त्याची स्वतःची मेमरी छापायला लावा, आणि पुढच्या पुरवणीत तक्ता देणार असाल तर तेवढे दोन रकाने वाढवा. भाचा यंदा लातूरला इंजिनिअरिंगला लागलाय, दिवाळीत त्याचा लॅपटॉप घ्यायचाय, तो आत्ताच मला "मामा पातळवाला बघू" म्हणायलाय.

आपला,
एक वाचक, परभणी