संत्या, कच्चं खा पण पोटभर खा

प्रिय संत्या,

तुझा मेसेज वाचून हसायलाच आलं भावा. मी हे न शिजवता कच्चं खायचं आणि वर व्हेगन, म्हणजे दूध-अंडीसुद्धा बंद, असं प्रकरण चालवतोय तेही कोल्हापुरात, जिथं गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून गरम गरम ग्लास हातात देतात, आणि मी शेजारनं ओल्या नारळाची पिशवी घेऊन जातो, ओळखीची लोकं बघून मान हलवतात. असूदे.

तू विचारलंयस कच्च्यानं ताकद येते का, तर नाही येत. ताकद व्यायामानं येते आणि खाण्यानं टिकते. कच्चं खाणाऱ्याचा खरा घोळ असा की पोट फुगतं पण कॅलरी काय भरत नाहीत. एक किलो काकडी म्हणजे जेमतेम १५० कॅलरी, आणि शेंगदाणे १०० ग्रॅम खाल्लेस तर ५५० च्या वर आणि २५ ग्रॅम प्रोटीन. मग तूच सांग, सॅलडच्या परातीवर जोर कसे निघणार? शेंगदाणे, तीळ, बदाम, ओलं खोबरं, खजूर आणि केळी, ह्यांच्यावर गाडी चालते, बाकी पालेभाज्या तोंडी लावायला.

मोडांचा पण लोकांचा गैरसमज आहे. कोरड्या मुगात १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन असतं पण भिजून मोड आले की त्यात सगळं पाणीच भरतं, त्यामुळं वाटीभर मोडात आठ-दहा ग्रॅमच धर. तुझं वजन ६५ असेल तर दिवसाला ८० ते १०० ग्रॅम पाहिजे, म्हणजे चावून चावून जबडा दुखतो रे, खरं सांगतो. मूग-मटकी चालते, पण राजमा कच्चा अजिबात नको, भिजवलास तरी नको, चार-पाच दाण्यांनी पण उलट्या सुरू होतात. आणि पावसाळ्यात मोडांचा वास जरा जरी बदलला तरी फेकून दे, त्या ओल्या उबेत जंतू पण मोडांसारखेच वाढतात. अजून एक गंमत, दुकानातला 'रॉ काजू' कच्चा नसतोच बहुतेक, टरफलातलं तेल कातडी भाजतं म्हणून आधी वाफवतात नाहीतर भाजतात. मी खातो तरी, एवढा कट्टर नाही मी.

तालमीतली थंडाई आठवते का? तीच करतो, भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, कुंडीत घोटून, फक्त दुधाऐवजी नारळाचं दूध. लई भारी लागते.

आता व्यायाम. जोर-बैठका आहेतच, पण नुसता आकडा वाढवत गेलास की दम वाढतो, ताकद तेवढी नाही वाढत. पंधरा-वीस आरामात निघायला लागले की प्रकार अवघड कर, पाय पायरीवर ठेव, खाली जाताना मनात चार मोज, मग एका पायाची बैठक खांबाला धरून. आणि जोर-बैठकांत ओढायचं काम नसतंच, तालमीत ते दोर चढण्यात आणि कुस्तीत होऊन जायचं, आपण घरी करतो ते ढकलायचंच सगळं, म्हणून खांदे पुढं येतात. तुमच्या जुन्या घरात माजघरात झोपाळ्याच्या कड्या आहेत ना, त्या तुळईत घट्ट आहेत का आधी लोंबकळून बघ, मग जाड दोर टाकून हातानं धरायच्या व्यायामाच्या रिंगा अडकव. पुलअप, म्हणजे लटकून स्वतःला वर ओढायचं, ते निघत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि हळूहळू खाली ये, हनुवटी रिंगांच्या वर असताना थरथर सुटते तिथंच धरून राहायचं, सगळं काम तिथं होतं. एक दिवसाआड कर, रोज नको.

आणि व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह. ह्यावर वाद घालू नकोस माझ्याशी. झाडपाल्यात ते नसतं, स्पिरुलिनात असतं म्हणतात ते आपल्या शरीराला लागू पडत नाही. लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून वर्ष-दोन वर्षं काही कळतच नाही, मग हातापायाला मुंग्या येतात, आणि नस एकदा खराब झाली की पुरती सुधरेलच असं नाही. गोळी सुरू कर, त्याआधी रक्त तपास, सोबत व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिन पण बघून घे. रोज पालकाची स्मूदी पण नको, तुझ्या घरात मुतखड्याचा इतिहास आहे.

रिपोर्ट आला की फोटो टाक. आणि दिवाळीला येतोयस ना? आई म्हणाली संत्या आला की आधी त्याला भाकरी-झुणका वाढणार, मग काय ते कच्चं खाऊदे.

तुझाच,
बाळ्या