खेळघरासाठी आवाहन: खोकी, रिळे, ठोकळे आणि आठवड्यातले दोन तास

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या बालविभागालगतची खोली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळघर म्हणून खुली करण्याचा निर्णय कार्यकारिणीने घेतला आहे. खोलीतील जुने सामान हलवले आहे आणि खिडक्यांची दुरुस्तीही झाली आहे. आता तेथे मुलांच्या हाती देता येईल असे साहित्य आणि मुलांसोबत जमिनीवर बसू शकतील अशी माणसे हवी आहेत. देणगी म्हटले की रोख रकमेचा विचार प्रथम मनात येतो. या कामात मात्र पैशाची गरज तुलनेने थोडी आहे. घरात अडगळ म्हणून पडलेल्या वस्तूंची आणि आपल्या वेळेची गरज मोठी आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

विकतची नवी खेळणी आम्ही मागत नाही, आणि त्यामागे केवळ काटकसर नाही. बटण दाबताच गाणे म्हणणाऱ्या किंवा दिवे लुकलुकवत धावणाऱ्या खेळण्याचे सगळे काम ते खेळणे स्वतःच करते; मुलाच्या वाट्याला फक्त पाहणे उरते, आणि दोन-तीनदा पाहून झाले की त्यातले कुतूहल संपते. रिकामे खोके मात्र सकाळी घर असते, दुपारी नाव असते आणि संध्याकाळी आजारी बाहुलीचा दवाखाना असतो. डेन्मार्कमधील उद्यान-रचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की, त्यांनी आखलेल्या नेटक्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या, विटा आणि मोडक्या सामानात मुले अधिक रमतात. त्यातूनच १९४३ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, कोपनहेगनजवळील एम्ड्रुप येथे टाकाऊ सामानाचे पहिले क्रीडांगण उभे राहिले. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने हाच विचार नेमकेपणाने मांडला: एखाद्या जागेत हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या सुट्या गोष्टी जितक्या अधिक आणि जितक्या विविध, तितकी तेथे शोधक वृत्तीला आणि कल्पकतेला संधी अधिक. आमच्या मागणीची यादी याच विचारातून तयार झाली आहे.

झाकणे, बुचे, दोऱ्याची रिकामी मोठी रिळे, पुठ्ठ्याच्या नळ्या, सर्व आकारांची खोकी, कापडाचे तुकडे, जुन्या ओढण्या आणि चादरी, लोकरीचे उरलेले गुंडे, एका बाजूने कोरे कागद, नरसाळी, चाळण्या, डाव, मापे, न फुटणारी भांडी, जुन्या पिशव्या, टोप्या, चष्म्यांच्या काचा काढलेल्या चौकटी, बंद पडलेले दूरध्वनी संच (बॅटरी काढून), मोठे शंख आणि नदीतले गुळगुळीत मोठे दगड, यांपैकी जे असेल ते आम्हाला हवे आहे. एकाच प्रकारच्या वस्तू बऱ्याच संख्येने मिळाल्या तर अधिक चांगले, कारण चार झाकणांनी फारसे काही करता येत नाही, पण टोपलीभर झाकणे समोर आली की मुले आपोआप रंगांनुसार ढीग करू लागतात, लहान-मोठी लावून पाहतात, रांगा आणि वर्तुळे मांडतात, आणि वर्गीकरण, क्रम व आकृतिबंध या गणिताच्या पायाभूत गोष्टी कोणी न शिकवता हाताळू लागतात.

लाकडी ठोकळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सुतारकाम करणाऱ्यांकडून आम्हाला विशेष अपेक्षा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत लहान मुलांसाठी जे साहित्य तयार केले, त्यात आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक मोठा घन होता. तो सोडवावा, मांडावा आणि पुन्हा जुळवावा अशी त्याची रचना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी ठोकळ्यांना ठरावीक प्रमाण दिले: जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. या साध्या नियमामुळे दोन अर्धे ठोकळे मिळून बरोबर एक पूर्ण होतो, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट होतो, आणि पूल बांधताना एक खांब आखूड पडला तर त्यावर नेमका कोणता तुकडा ठेवायचा हे मुलाला स्वतःच शोधता येते. मनोरा कोसळतो तेव्हा पाया, तोल आणि वजन यांचा धडा तिथल्या तिथे मिळतो, आणि तो समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या मापांचे शोभिवंत तुकडे न देता वरील प्रमाणात कापलेले, कडा व कोपरे घासून गुळगुळीत केलेले, रंग न दिलेले ठोकळे कोणी करून दिले, तर आमच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची देणगी ठरेल. पूर्ण संच एकाच दात्याने द्यावा असे नाही. माप सर्वांनी तेच पाळले की पुरे.

मुले केवळ खेळणार असतील तर शिकणार केव्हा, आणि अक्षरे कधी गिरवणार, असा प्रश्न काही पालकांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. लिहिण्यासाठी आधी हात तयार व्हावा लागतो. या वयात मनगटातील छोटी हाडे पूर्ण घडलेली नसतात, बोटांची पकड अजून पक्की होत असते, आणि साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल वर्तुळ, चौथ्याच्या सुमारास चौकोन आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण पाहून काढू लागते. माती मळणे, कापड पिळणे, मणी ओवणे, कात्रीने कागद कापणे, भिंतीवरच्या फळ्यावर हात उंचावून गिरगटणे, या सगळ्यांतून तीच तयारी होत असते. दुसरी गोष्ट अधिक खोलातली आहे. काठीला घोडा मानून दौडणारे मूल वस्तू आणि तिचा अर्थ यांची फारकत करते, एका गोष्टीच्या जागी दुसरी उभी करते. अक्षर म्हणजेही ध्वनीच्या जागी उभी केलेली खूण होय. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच हे दाखवून दिले होते, आणि एक निरीक्षणही नोंदवले होते: खेळातली भूमिका निभावताना मूल नियम पाळते, स्वतःला आवर घालते, एरवी ज्याच्यासाठी त्याला दहादा सांगावे लागते ते आपणहून करते. दुकानदार झालेली मुलगी गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून घेते, आपली पाळी येईपर्यंत थांबते आणि हिशेबही करते. इतका संयम त्या वयाच्या मुलाकडून बाकावर बसवून मिळवून पाहावा!

हा विचार आपल्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे केलेल्या कामात महागड्या साधनांच्या जागी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू आणल्या, आणि मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानते, आणि आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे या पायाभूत टप्प्यासाठी खेळातून शिकण्याचाच मार्ग सांगितला आहे. धोरण कागदावर आहे. त्यासाठी जागा, वस्तू आणि माणसे मात्र आपणच जमवायची आहेत.

माणसांची गरज वस्तूंपेक्षाही अधिक आहे. आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या दिवशी, निदान सहा महिने नियमाने येऊ शकतील अशा स्वयंसेवकांनी नाव नोंदवावे. शिक्षणाची पदवी आवश्यक नाही. आजी-आजोबा, महाविद्यालयीन विद्यार्थी, शिवणकाम किंवा कुंभारकाम जाणणारे, वाद्य वाजवणारे, गोष्ट सांगणारे, सर्वांचे स्वागत आहे. एक गुण मात्र अंगी हवा, तो म्हणजे हात आवरण्याचा. मूल झाडाला जांभळा रंग देत असेल तर देऊ द्यावे, झाकण लागत नसेल तर ते स्वतः मदत मागेपर्यंत थांबावे, तयार आकृत्या रंगवायला देऊ नयेत, आणि “हे काय काढले आहेस?” असे विचारण्याऐवजी “याबद्दल मला सांगशील?” असे विचारावे, कारण बरेचदा चित्र आधी होते आणि ते कशाचे आहे हे मूल नंतर ठरवते. प्रत्येक गोष्टीला “छान, छान” म्हणण्याचीही गरज नाही. “या वेळी तू खालचे ठोकळे रुंद बाजूवर ठेवलेस,” असे एक नेमके वाक्य मुलाला अधिक उपयोगी पडते, कारण आपले काम कोणीतरी नीट पाहिले हे त्याला कळते. सुरुवातीला सर्व स्वयंसेवकांसाठी छोटे प्रशिक्षण घेतले जाईल. खोलीत कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती असतील, कोणीही एकटे मुलासोबत राहणार नाही, आणि पालकांच्या लेखी संमतीखेरीज छायाचित्रे काढली जाणार नाहीत. या तीन नियमांत कोणासाठीही सूट नाही.

काही वस्तू मात्र कृपया आणू नयेत, आणि आणल्यास आम्ही त्या परत करू याचा राग मानू नये. खेळघर तीन वर्षांवरील मुलांसाठी असले तरी त्यांच्यासोबत धाकटी भावंडे येणारच, म्हणून घशात अडकू शकेल इतकी लहान वस्तू आम्ही खोलीत ठेवणार नाही. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात आणि तीत पूर्ण मावणारी वस्तू धोकादायक मानतात. आलेली प्रत्येक वस्तू आम्ही तशा मापाने तपासणार आहोत. म्हणूनच वर सांगितलेली बुचे आणि झाकणे मोठ्या आकाराचीच हवीत, आणि मणी ओवण्यासाठीही मोठेच मणी लागतील. बटणाच्या आकाराचे सेल गिळले गेल्यास अन्ननलिका काही तासांतच भाजून निघते, आणि एकाहून अधिक लोहचुंबक पोटात गेल्यास ते आतड्याच्या भिंतींना मधोमध चिमटीत धरतात, त्यामुळे सेल किंवा सुटे चुंबक असलेली कोणतीही वस्तू चालणार नाही. पाण्यात फुगणारे गोळे, रबरी फुगे, औषधांच्या बाटल्या, रंगाचे पोपडे निघालेली जुनी खेळणी (जुन्या रंगात शिसे असू शकते) आणि लांब दोऱ्या यांनाही आमचा नकार आहे.

रोख देणगी पुढील कामांसाठीच वापरली जाईल: मुलांचा हात पोचेल अशा उघड्या, बुटक्या मांडण्या, मातीचे आणि पाण्याचे खेळ मांडण्यासाठी कडांचे टेबल, धुता येणारी सतरंजी, प्रथमोपचाराची पेटी, आणि रंग, माती, गोंद यांसारखे संपणारे साहित्य. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या मुलांना आत येता यावे म्हणून दाराशी उतार करून घेणे हा यातला सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो पुढे ढकलायचा नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल आणि जमाखर्च दर महिन्याला सूचनाफलकावर लावला जाईल. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावल्या जाणार नाहीत. साहित्य पुरेसे जमल्यावर त्यातील काही संच पुस्तकांप्रमाणे घरी नेण्यास देण्याचा विचार आहे. अशी सोय लॉस एंजेलिसमध्ये १९३५ पासून, मंदीच्या काळापासून आहे, तेव्हा वाचनालयाला ती अशक्य वाटू नये.

साहित्य धुऊन, वाळवून, प्रकारानुसार वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वाचनालयाच्या वेळेत बालविभागात आणून द्यावे. स्वयंसेवकांनी नावनोंदणीच्या वहीत आपला सोयीचा वार आणि वेळ लिहावी. ठोकळे करून देऊ इच्छिणाऱ्यांनी लाकूड कापण्यापूर्वी बालविभागातील नमुना पाहून जावा. मांडणी, टेबल यांसारखे मोठे सामान देणाऱ्यांनी आधी त्याची मापे कळवावीत, कारण खोलीचे दार अरुंद आहे आणि उतार करताना ते रुंद होईपर्यंत मोठे सामान आत नेता येणार नाही.

आपले,
कार्यकारिणी, बालविभाग